सरकत्या छपराच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल, तर ते फक्त आईच्या पोटातल्या बाळांच्या ठोक्यांचं. बाकी नवरा, मुलगा, डॉक्टर, सरपंच, गॅसवाला, कुणीही काहीही सांगितलं तरी त्या "व्हय, व्हय" म्हणतात आणि आधी ठरवलेलं तेच करतात. गारगोटीच्या पलीकडच्या डोंगरी खेड्यांत त्यांनी तीसहून जास्त वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली. जन्माला येणाऱ्याला घाई नसते आणि घरच्यांना ती फार असते. या दोघांच्या मध्ये इतकी वर्षं उभं राहिल्यामुळे त्यांचा आवाज असा झाला आहे की समोरच्याने आपोआप आडवं व्हावं. गॅसवाला सिलिंडर घेऊन पायऱ्या चढायला लागला की त्या वरून ओरडतात, "थांबा! श्वास घ्या! आता लावा जोर!" आणि तो बिचारा खरंच थांबून श्वास घेतो.

माणसं त्यांना नावाने आठवत नाहीत, जन्माने आठवतात. एकदा गारगोटीच्या स्टँडवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक मिशाळ पुढारी, मागे पाच-सहा कार्यकर्ते, असे समोरून आले आणि वाकून विहीणबाईंच्या पाया पडले. विहीणबाईंनी आशीर्वाद दिला आणि कार्यकर्त्यांकडे वळून म्हणाल्या, "ह्यो पायाळू. आधी पाय आलं, मग डोस्कं. रडंना म्हणून उलटा धरून दोन रपाटं हाणलं, तवा तोंड उघडलं. त्ये अजून मिटलं न्हाय." पुढारी लाजून हसले. कार्यकर्ते मात्र इतके मनापासून हसले की त्यांतल्या एक-दोघांचं पुढे काही खरं नसणार.

माझ्या मुलीला बघायला त्या जयसिंगपूरला आमच्या घरी आल्या, त्या दिवशी मी पोह्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. विहीणबाई आल्या, मुलीजवळ गेल्या, तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आत पाहिलं आणि निकाल दिला, "रक्त कमी हाय. पोरगी पसंत. खजूर द्या रोज." एवढ्यावर लग्न ठरलं. त्या मला इनबाई म्हणतात, आणि कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" असं म्हणतात. शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. फोनवर "मी बोलतो" असं ऐकलं की जावयाची आई बोलते आहे की वडील, असा मला सुरुवातीला प्रश्न पडायचा. पुढे कळलं की वडील बोलतच नाहीत.

व्याही साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजून झाल्यावर त्यांनी कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरामागे परसबाग केली. मिरची, वांगी, गुलाब, कोपऱ्यात एक पेरू. बागेच्या टोकाला विटांची, पत्र्याच्या छपराची एक खोली होती. त्यात त्यांची खुरपी, बियाणांचे डबे, खताची पोती आणि एक मोडकी खुर्ची. त्या खुर्चीत बसून ते रोज तासभर काहीही करत नसत. त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग "बरं" या एका शब्दाचा आहे आणि उरलेला निम्मा गप्प बसण्याचा.

आता दुर्बिणीचं. खेड्यातलं बाळंतपण म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. विहीणबाई अंगणात बसून वाट बघत आणि डोक्यावर दुसरं काहीच नसल्यामुळे तारे बघत. बाळ झालं की घरातले म्हातारे पत्रिकेसाठी वेळ विचारत. मनगटावरचं घड्याळ कधी ओढ्याच्या पाण्यात भिजून बंद पडलेलं असे. मग त्या दारात जाऊन तिकांडं, म्हणजे मृगातले एका रेषेतले तीन तारे, कौलांच्या किती वर आलंय ते बघत आणि बेधडक वेळ सांगत. त्या वेळांवर बेतलेल्या पत्रिकांची लग्नं बाकीच्यांपेक्षा जास्त टिकली, असा त्यांचा दावा आहे. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या बायका देवदर्शनाच्या सहलींना गेल्या. विहीणबाईंनी आठ इंची आरशाची दुर्बीण मागवली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एवढी वर्सं लांबनं बघितलं. आता जवळ घिऊन तपासतो."

दुर्बीण आली ती बंबाएवढी. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर न्यायची आणि परत आत आणायची. आठव्या दिवशी व्याह्यांची कंबर धरली. विहीणबाईंनी दोन दिवस शेक दिला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "यंत्र भाईर न्यायचंच न्हाय. छप्परच बाजूला करायचं." कॉलनीतल्या एका बंगल्याचं लोखंडी गेट चाकांवर सरकताना त्यांनी पाहिलं होतं. गेट सरकतं तर छप्पर का सरकणार नाही? आणि त्यासाठी खोली तयारच होती. व्याह्यांनी संपूर्ण प्रकरणात एकच हरकत घेतली. "खुरपी कुठं ठेवू?"

"पलंगाखाली."

"बरं," व्याही म्हणाले.

वेल्डर आला, गवंडी आला. जुने पत्रे उतरवून लोखंडी चौकटीवर पुन्हा ठोकले. भिंतींवर दोन रूळ घातले आणि ते खोलीच्या बाहेर, बागेत रोवलेल्या दोन खांबांपर्यंत नेले, म्हणजे छप्पर सरकून त्या खांबांवर जाऊन बसेल. खोलीच्या मधोमध दुर्बिणीसाठी सिमेंटचा एक जाड खांब हवा होता. तो फरशीला कुठेही चिकटता कामा नये, भोवती बोटभर फट हवी, कारण खोलीत कुणी चाललं तरी दुर्बीण हलायला नको. गवंड्याला हे काही केल्या पटेना. "मावशी, मधीच खांब कशाला? देव बसवणार हाय काय?" विहीणबाई "व्हय, व्हय" म्हणाल्या. त्या म्हणण्याचा परिणाम असा झाला की दोन दिवसांनी शेजारच्या घरातल्या सासू-सुना हळदकुंकू आणि नारळ घेऊन त्या खांबाच्या दर्शनाला आल्या. विहीणबाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला, नारळ मात्र परत केला नाही. खांबावर फोडला आणि गवंड्यासकट सगळ्यांना वाटला.

छप्पर पहिल्यांदा उघडायचं त्या दिवशी मी तिथे होते. दिवाळी होऊन गेली होती, मी फराळाचे डबे परत करायला म्हणून इरकली नेसून गेले होते. छप्पर अर्ध्यावर येऊन अडलं. विहीणबाईंनी मला एका कोपऱ्यात उभं केलं, व्याह्यांना दुसऱ्या, आणि स्वतः मध्ये उभ्या राहून सुरू झाल्या, "जोर न्हाय अजून... श्वास घ्या... थांबा, थांबा... आता! लावा! लावा!" मी आणि व्याह्यांनी जीव खाऊन ढकललं. छप्पर सुटलं ते असं, की बाहेरच्या खांबांवर थांबायचं सोडून पुढे गेलं. रुळाच्या टोकाला अडथळे लावायचं वेल्डरकडून राहून गेलं होतं. सगळं छप्पर जाऊन पेरूच्या झाडावर बसलं. वर संध्याकाळचं निळं आभाळ, चार भिंती आणि मध्ये आम्ही तिघं. मग व्याही शांतपणे म्हणाले, "पेरू गेला." विहीणबाई वर बघत होत्या. "पर उघडलं की न्हाय?" त्या म्हणाल्या.

अडथळे लागले. वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून आकडे लागले. त्यानंतर डिसेंबरात मी पुन्हा गेले तेव्हा विहीणबाई दुर्बिणीवर नाराज होत्या. शनी धुरकट दिसत होता. त्यांनी आधी खांबावर संशय घेतला आणि गवंड्याला बोलावून फट पुन्हा साफ करून घेतली. मग गुऱ्हाळांच्या धुरावर घेतला. मग आरशावर. शेवटी पाळी व्याह्यांच्या श्वासावर आली. ते जवळ उभे राहिले की भिंगावर वाफ धरते म्हणून त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, आणि ते तिथे मफलर गुंडाळून शांतपणे उभे होते.

साडेसात वाजले असतील. "तुम्ही बघा," त्या मला म्हणाल्या. मी आयुष्यात कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. लावला. काळ्याभोर आभाळात एवढासा पिवळसर गोळा आणि त्याच्याभोवती रेखीव, स्वच्छ कडं. सोनाराने आत्ताच घडवून ठेवल्यासारखं.

"अगंबाई, किती स्पष्ट दिसतंय!" मी ओरडले.

मी वळून बघितलं. विहीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"गोळा आन् कडं, ह्येच्या मधी फट दिसती?" त्यांनी विचारलं.

"हो. दोन्हीकडे. काळी फट."

"बरं," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही बागेत असताना त्यांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. कॅलेंडरच्या मागून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. कार्डावर नुसत्या आडव्या-उभ्या रेघा होत्या, गणिताच्या वहीसारख्या. मध्ये एक ठिपका.

"तुमाला ह्या सरळ दिसतात न्हवं? मला मधी वाकड्या दिसतात. आन् ठिपका तर न्हायच. डोळ्याचा पडदा झिजतोय, मधला भाग. दोन वर्सं झाली. डॉक्टर म्हणाला, गेलं ते भरून येत न्हाय. कडेचं ऱ्हातंय."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं सरळ बघितलं की तुमाला डोस्कंच न्हाय. पर बोलणं चालू असतंय, म्हणून कळतंय इनबाई हायसा."

मी हसले आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहुतेक ते त्यांना दिसलं नसावं, पण आवाजावरून कळलं. "रडू नका. पोरांना सांगायचं न्हाय. ल्योक मला उचलून पुण्याला न्हील, ह्या डॉक्टरकडं, त्या डॉक्टरकडं. आन् ह्यांना तर अजाबात न्हाय. हे बोलत न्हाईत, नुसतं मनाला लावून घेतात."

मी शब्द दिला. देताना वाटलं नव्हतं, पण तो फार जड होता. माझी मुलगी त्या घरची सून. जावई रोज आईला फोन करून "बरी आहेस ना?" विचारतो, आणि मला, त्याच्या सासूला, माहीत की ती बरी नाही. शिवाय त्या रोज संध्याकाळी अंधारात त्या खोलीत जातात, रूळ, आकडे, उंबरा. तासाभराने मी बागेत गेले आणि व्याह्यांजवळ उभी राहिले. ते मिरचीला पाणी घालत होते. मी आडून आडून सुरुवात केली की वय झालं की नजर जपावी, घरच्यांनी लक्ष ठेवावं. त्यांनी नळी खाली ठेवली आणि खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. उंबऱ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांनाही होता. फराळाचे डबे घेऊन मी त्यावरूनच गेले होते आणि मला वाटलं होतं, दिवाळीची रंगरंगोटी.

"तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"सुईत दोरा ववायचा बंद केला तवाच कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"तिनं सांगितलं न्हाय तवर मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले आणि नळी उचलली. मग त्यांच्या मानाने फारच लांबलचक असं एक वाक्य बोलले, "खोली मागितली तवा खुरप्याचं इचारलं, दुसरं काय इचारलं न्हाय."

मी त्या घरात दोन दिवस राहिले. नवरा-बायको दोघांनाही सगळं ठाऊक, दोघंही एकमेकांना जपत गप्प, आणि मध्ये मी, दोघांचीही गुपितं पोटात घेऊन चहा पीत बसलेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवा फार स्वच्छ होती. विहीणबाईंना काहीतरी वेगळं बघायचं होतं. शनीचं नाव त्यांनी काढलं नाही. व्याही टॉर्चला लाल कागद लावून नकाशा वाचत होते आणि दुर्बीण हळूहळू फिरवत होते. दूरची एक दीर्घिका शोधायची होती, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक मेळा, पण इतका लांब की त्याचा उजेड नुसता धुक्याच्या फुंकरीएवढा. व्याह्यांनी डोळा लावला आणि मान हलवली. काही नाही. मी लावला. काळं आभाळ, चार सुटे तारे, बस्स.

विहीणबाईंनी डोळा लावला आणि लगेच म्हणाल्या, "हाय की! एवढं मोठं! फुगलंय बघा कसं!"

मला वाटलं, ही बाई आता मानापोटी नसलेलं बघायला लागली. मी व्याह्यांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते.

"या हिकडं," विहीणबाईंनी माझं मनगट धरून मला ओढलं. "सरळ बघू नका. उजवीकडं एक तारा हाय, त्येच्याकडं बघा, आन् ध्यान मात्र मधी ठेवा. बघायचं तिकडं, ध्यान हिकडं."

मी ताऱ्याकडे बघत राहिले. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक मोठा फिकट उजेड हळूच वर आला. मी चटकन त्याच्याकडे वळले तर गेला. पुन्हा ताऱ्याकडे बघितलं, पुन्हा आला. जुने आकाशनिरीक्षक ही युक्ती वापरतात, अंधुक उजेड डोळ्याच्या कडेलाच जास्त कळतो, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मी फक्त म्हणाले, "दिसलं! खरंच आहे हो!"

"हाय म्हणजे? मी काय खोटं बोलतो? मी दोन वर्सं अशीच तर बघतो! सरळ बघितलं की मला काय बी दिसत न्हाय, सगळं कडेनंच..."

आणि त्या थांबल्या. आपण काय बोललो आणि कुणासमोर, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. व्याह्यांच्या हातातला लाल टॉर्च नकाशावर तसाच स्थिर होता.

"ऐकलं काय?" विहीणबाईंनी शेवटी विचारलं. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ऐकलं," व्याही म्हणाले. मग ते पुढे आले, दुर्बिणीपाशी वाकले आणि म्हणाले, "कंचा तारा म्हणालीस? उजवीकडचा?"

त्यांना जमायला बराच वेळ लागला. त्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगत राहिल्या, तिकडं बघा, हिकडं ध्यान. जमलं तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि थंडी फार आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी स्वतः मुलाला फोन केला आणि नेहमीच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. जावई त्याच रात्री पुण्याहून निघून आला, थोडा रागावला, थोडा रडला आणि त्यांना घेऊन गेला. तिथल्या दोन डॉक्टरांनी कार्डावरच्या त्याच रेघा दाखवल्या आणि तेच सांगितलं. तिसऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. कळंब्याला परतल्या आणि दाराशी गाडी थांबताच आधी विचारलं की चाकांना ग्रीस कुणी घातलं का. आता पाऊस संपला की छप्पर उघडतं आणि मृगाच्या आधी आकडे लावून बंद होतं. कॉलनीतल्या बायका येतात, त्यांना अंधुक गोष्टी विहीणबाई दाखवतात आणि ठळक गोष्टी व्याही. कुणी सरळ बघून "काय दिसत न्हाय" म्हणाली की तिला ओरडा बसतो.

गेल्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा त्या बऱ्याच वाळलेल्या वाटल्या. कॉलनीतलं कुणी आलं नव्हतं, आम्ही तिघंच होतो. व्याह्यांनी दुर्बीण शनीवर लावली आणि विहीणबाई मला म्हणाल्या, "बघा आन् सांगा."

मी बघितलं. गोळा होता. कडं नव्हतं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी बारीक रेघ तेवढी बाहेर आलेली, तीही असल्यासारखी नसल्यासारखी. मला वाटलं, दुर्बिणीचं काहीतरी बिघडलं आहे, किंवा आता माझेही डोळे चालले. पण त्या ऐकायला थांबल्या होत्या. मी म्हटलं, "दिसतंय. कडं छान दिसतंय."

"मास्तरीण असून खोटं बोलतासा," त्या हसायला लागल्या. "औंदा कडं आडवं झालंय. त्येची धार आपल्याकडं आली की त्ये दिसतच न्हाय. ह्यांनी वाचून दाखवलंय मला."

"मग आता?"

"आता काय? उघडंल परत. पुरतं उघडायला सात वर्सं लागतील."

मी मनात माझं वय मोजलं. मग त्यांचं मोजलं. त्यांना ते कळलं असावं.

"मला तवा कडंबिडं काय दिसायचं न्हाय, ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमाला दिसंल. येतासा न्हवं?"

"येते की," मी म्हटलं.

व्याही छप्पर ओढायला मागे राहिले. आम्ही दोघी घराकडे निघालो. वाट तशी दहा-बारा पावलांचीच, आणि ती विहीणबाई रोज एकट्या चालतात. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "दव पडलंय," त्या म्हणाल्या, "तुमचा पाय घसरंल. सवय न्हाय तुमाला." वाट कोरडी होती. मी म्हटलं, "घट्ट धरा हं मला," आणि आम्ही सावकाश चालत घरात गेलो.